अमेरिकेत परवानाधारक ऑप्टिशियन व्हायचे असेल तर : नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

जोडीदाराच्या नोकरीमुळे अमेरिकेत आलेले, भारतात चष्म्याच्या व्यवसायात काम केलेले किंवा नव्याने एखादे कौशल्याचे काम शिकू पाहणारे अनेक मराठी लोक ऑप्टिशियनच्या व्यवसायाची चौकशी करतात. हे काम आरोग्यसेवेशी थेट जोडलेले आहे, त्यासाठी वैद्यकीय शिक्षणाची लांबलचक वर्षे लागत नाहीत आणि ते शिकत असताना बहुतेक ठिकाणी पगारही मिळतो. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या २०२३ च्या आकड्यांनुसार ऑप्टिशियनचे मध्यक वार्षिक वेतन सुमारे ४४ हजार डॉलर होते. परवाना असलेल्यांना आणि कॉन्टॅक्ट लेन्सचे काम येणाऱ्यांना नोकरी बदलताना बोलणी करायला अधिक वाव असतो, असे मी या क्षेत्रात वावरताना पाहिले आहे.

मी स्वतः या प्रक्रियेतून गेले आहे. त्यात अभ्यासापेक्षा गोंधळ अधिक त्रास देतो आणि त्याचे कारण एकच आहे : परवान्याचा नियम देशाचा नसून राज्याचा आहे. एका राज्यातल्या मैत्रिणीने दिलेला अगदी प्रामाणिक सल्ला शेजारच्या राज्यात निरुपयोगी ठरू शकतो. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत, त्याच क्रमाने पार करावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

१. आधी कामाची हद्द समजून घ्या

डोळ्यांच्या सेवेत अमेरिकेत तीन वेगवेगळे व्यावसायिक असतात. ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट हे वैद्यकीय पदवी घेतलेले नेत्रशल्यचिकित्सक असतात. ते रोगांवर उपचार आणि शस्त्रक्रिया करतात. ऑप्टोमेट्रिस्ट हे साधारणपणे पदवीनंतर चार वर्षांचे ऑप्टोमेट्रीचे शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. ते डोळे तपासतात, नंबर काढतात आणि राज्याच्या कायद्याने मुभा दिलेले उपचार करतात. ऑप्टिशियनचे काम या दोघांनी लिहून दिलेल्या नंबरापासून सुरू होते. तो नंबर वाचणे, त्याला योग्य भिंग आणि फ्रेम सुचवणे, चेहऱ्याची मापे घेणे, प्रयोगशाळेकडून तयार होऊन आलेला चष्मा तपासणे, तो चेहऱ्यावर नीट बसवणे आणि पुढे त्याची दुरुस्ती करणे, ही सगळी जबाबदारी ऑप्टिशियनची असते.

भारतात चष्म्याच्या दुकानातच नंबर काढून मिळतो, अशी आपली सवय असते आणि तिथूनच पहिला गैरसमज होतो. अमेरिकेत ऑप्टिशियनने डोळे तपासून नंबर लिहून देणे अपेक्षित नाही. तसे करणे म्हणजे परवान्याशिवाय ऑप्टोमेट्री करणे ठरू शकते आणि त्याचे परिणाम गंभीर असतात. भारतातून बी.ऑप्टोम. करून आलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. त्या पदवीवर येथे ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करता येत नाही. ऑप्टिशियन होण्यासाठी मात्र तुमचे ज्ञान अतिशय उपयोगी पडते आणि प्रकाशशास्त्राचा अभ्यास तुम्हाला इतरांपेक्षा पुष्कळ सोपा जातो.

२. राज्य ठरवा, मग बाकीचे

अमेरिकेतील जवळपास निम्म्या राज्यांमध्येच ऑप्टिशियनसाठी परवाना किंवा नोंदणी बंधनकारक आहे. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, फ्लोरिडा, ओहायो, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना, जॉर्जिया, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट आणि वॉशिंग्टन ही परवाना लागणारी राज्ये आहेत. कॅलिफोर्नियात नोंदणीची पद्धत असून तिथे चष्म्यासाठी आणि कॉन्टॅक्ट लेन्ससाठी वेगवेगळी नोंदणी करावी लागते. पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय, मिशिगन आणि टेक्सास येथे परवान्याशिवायही ऑप्टिशियन म्हणून नोकरी करता येते.

ज्या राज्यात परवाना लागत नाही, तिथे राहणाऱ्यांना मी तरीही राष्ट्रीय प्रमाणपत्र (त्याविषयी सातव्या टप्प्यात) घ्यायला सांगते. नोकरी देणारे ते विचारतात आणि उद्या राज्य बदलावे लागले, तर निदान परीक्षेचा भाग आधीच पूर्ण झालेला असतो. आयटीतल्या कुटुंबांना दर काही वर्षांनी गाव बदलावे लागते, हे आपल्याला ठाऊक आहेच.

परवाना देणारी संस्थाही राज्यागणिक बदलते. फ्लोरिडात आरोग्य विभागाच्या अखत्यारीतले मंडळ हे काम पाहते; न्यूयॉर्कमध्ये ते राज्याच्या शिक्षण विभागाकडे आहे आणि तिथे या व्यवसायाला ऑफ्थॅल्मिक डिस्पेन्सिंग म्हणतात. ओहायोत चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि दोन्ही मिळून असे परवान्याचे वेगवेगळे प्रकार आहेत. म्हणून शोध घेताना केवळ ‘ऑप्टिशियन परवाना’ असे न शोधता आपल्या राज्याच्या मंडळाचे अधिकृत नाव शोधा आणि त्याच मंडळाने प्रसिद्ध केलेली पात्रतेची अट शब्दशः वाचा. नोकरी देणाऱ्याने किंवा प्रशिक्षण विकणाऱ्या संस्थेने सांगितलेली अट ग्राह्य धरू नका.

३. काम करण्याची कायदेशीर परवानगी तपासा

उमेदवारी करून, म्हणजे परवानाधारकाच्या हाताखाली काम करत, शिकणे ही नोकरीच असते, त्यामुळे तिला कामाची परवानगी लागते. एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) महाविद्यालयात शिकता येते, परंतु रोजगाराची परवानगी नसेल तर उमेदवारी करता येत नाही. पगार न घेता काम केले तरी हा प्रश्न सुटत नाही. ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झाला आहे, अशा एच-४ धारकांना २०१५ पासून रोजगाराच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो. एल-२ वरील (कंपनीअंतर्गत बदलीवर आलेल्यांच्या) जोडीदारांना मात्र त्यांच्या व्हिसाच्या दर्जामुळेच काम करता येते. तुमची परवानगी अजून आली नसेल, तर तोवर महाविद्यालयातला अभ्यासक्रम सुरू करणे हा वेळेचा सर्वांत चांगला उपयोग ठरतो.

४. महाविद्यालय की उमेदवारी, हे ठरवा

परवान्यापर्यंत जाणारे रस्ते मुख्यतः दोन आहेत. पहिला रस्ता दोन वर्षांच्या असोसिएट पदवीचा. ब्रुकलिनमधील सिटी टेक, नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम टेक यांसारख्या सार्वजनिक महाविद्यालयांत हे शिक्षण मिळते आणि तिथे प्रकाशशास्त्र, डोळ्याची रचना, भिंगे घासून फ्रेममध्ये बसवण्याचे काम आणि कॉन्टॅक्ट लेन्स हे सगळे विषय क्रमाने शिकवले जातात. दुसरा रस्ता उमेदवारीचा. यात तुम्ही परवानाधारकाच्या हाताखाली ठरावीक तास काम करता आणि ते तास मंडळाकडे नोंदवता. फ्लोरिडात ही उमेदवारी ६,२४० तासांची असून ती परवानाधारक ऑप्टिशियन, ऑप्टोमेट्रिस्ट किंवा डॉक्टर यांच्या देखरेखीखाली करता येते. पूर्णवेळ काम केल्यास हे साधारण तीन वर्षांचे काम आहे.

दोन्हींपैकी कोणता रस्ता चांगला, याचे सरसकट उत्तर नाही. तरी माझे मत विचाराल, तर ज्यांना शक्य आहे त्यांनी महाविद्यालय निवडावे. उमेदवारीत तुम्ही काय शिकता, हे पूर्णपणे त्या दुकानावर अवलंबून असते. काही ठिकाणी उमेदवाराला पहिल्या आठवड्यापासून लेन्सोमीटरवर (भिंगाचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर) बसवतात, तर काही ठिकाणी त्याच्याकडून वर्षभर फ्रेमा पुसून घेतात, विम्याचे फोन करून घेतात आणि विक्रीचे उद्दिष्ट गाठून घेतात. तास दोन्हीकडे तेवढेच भरतात, हात मात्र एकाच ठिकाणी तयार होतो. म्हणून उमेदवारी निवडणार असाल, तर मुलाखतीतच विचारा : तयार होऊन आलेला चष्मा कोण तपासते? मापे घ्यायला मला केव्हा मिळेल? भिंगे कापण्याचे यंत्र याच जागी आहे की सगळे काम बाहेर जाते? याआधीचे किती उमेदवार येथून परवान्यापर्यंत पोहोचले? या प्रश्नांना मोघम उत्तरे मिळाली, तर दुसरी जागा पाहावी.

या टप्प्यावरचे दोन सापळे सर्वांत महाग पडतात. एक म्हणजे उमेदवार म्हणून मंडळाकडे नाव नोंदवण्याआधीच काम सुरू करणे. जिथे नोंदणीची अट आहे, तिथे नोंदणीपूर्वीचे तास सहसा धरले जात नाहीत. ‘आधी काम सुरू कर, कागद नंतर पाहू’ असे मालकाने कितीही आपुलकीने म्हटले, तरी नोंदणीचे पत्र हाती आल्याशिवाय आपले तास सुरू झाले असे समजू नका. दुसरा सापळा म्हणजे काही आठवड्यांत ‘ऑप्टिशियन’ बनवण्याचे आश्वासन देणारे ऑनलाइन अभ्यासक्रम. परीक्षेच्या तयारीसाठी त्यांतले काही उपयोगी असतात, पण परवान्याच्या शैक्षणिक अटीसाठी ते चालतीलच असे नाही. अभ्यासक्रमाला कमिशन ऑन ऑप्टिशियनरी अॅक्रेडिटेशन या संस्थेची मान्यता आहे का आणि आपले मंडळ तो स्वीकारते का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

५. कागदपत्रे गोळा करा

- पासपोर्ट, राज्याचे ओळखपत्र आणि रोजगाराच्या परवानगीचा पुरावा.
- सोशल सिक्युरिटी क्रमांक.
- बारावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र. भारतातली पदवी असल्यास तिचे सर्व वर्षांचे गुणपत्रक.
- या शिक्षणाचे अमेरिकी समकक्षतेचे मूल्यांकन. ते नेसेस या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून करून घ्यावे, मात्र आपले मंडळ कोणत्या संस्थेचे मूल्यांकन स्वीकारते, हे आधी पाहावे.
- विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र.
- उमेदवारीच्या नोंदणीचे पत्र आणि देखरेख करणाऱ्याच्या परवान्याची प्रत.

नावाचा प्रश्न आपल्याकडच्या लोकांना हमखास अडवतो. महाराष्ट्र बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव पुष्कळदा स्वतःच्या नावाला जोडून येते. विवाहानंतर आडनाव बदललेले असेल, तर तिसराच प्रकार होतो. परीक्षेची नोंदणी ज्या नावाने कराल, तेच नाव परीक्षा केंद्रावर दाखवायच्या ओळखपत्रावर असले पाहिजे. सगळ्या ठिकाणी पासपोर्टवरचेच नाव वापरावे आणि जुन्या कागदांवरच्या वेगळ्या नावांसाठी विवाह प्रमाणपत्र किंवा प्रतिज्ञापत्र जोडावे. मूल्यांकनाला वेळ लागतो आणि भारतातल्या विद्यापीठाकडून बंद पाकिटात गुणपत्रक मागवावे लागले, तर आणखी लागतो. म्हणून हे काम अभ्यासाच्या आधी सुरू करावे.

६. हाताचे कौशल्य कमवा

या टप्प्याला मी सर्वाधिक महत्त्व देते, कारण चांगला ऑप्टिशियन कोण हे इथेच ठरते. पुस्तकातला नंबर बरोबर असूनही चष्मा लागू न पडण्याची कारणे बहुतेक वेळा मापात आणि बसवण्यात सापडतात.

पहिले कौशल्य लेन्सोमीटरचे. या यंत्रावर भिंगाचा गोलाकार नंबर, सिलिंड्रिकल नंबर (एका दिशेतला दोष घालवणारा), त्याचा अक्ष (तो कोणत्या कोनात बसवायचा ते) आणि प्रिझम (भिंग प्रकाशकिरण किती बाजूला वळवते ते) मोजता येतो. आजकाल स्वयंचलित यंत्रे एका बटणावर आकडे दाखवतात, पण शिकताना हाताने फिरवायच्या यंत्रावरच शिकावे. रेषा कधी तुटक दिसतात, कधी तीक्ष्ण होतात आणि अक्ष चुकला की कशा वाकड्या होतात, हे डोळ्याने पाहिल्याशिवाय आकड्यांचा अर्थ कळत नाही. शिवाय प्रात्यक्षिक परीक्षेत हाताने चालवायचे यंत्र समोर येऊ शकते.

दुसरे कौशल्य मापांचे. दोन्ही बाहुल्यांमधले अंतर, म्हणजे पीडी, नाकाच्या मध्यापासून प्रत्येक डोळ्याचे स्वतंत्रपणे मोजायला शिका, कारण फार थोड्या लोकांचे चेहरे मधोमध दुभागले तर दोन्ही बाजूंना अगदी सारखे भरतात. प्रोग्रेसिव्ह भिंगासाठी (दूरचे आणि जवळचे एकाच भिंगातून दाखवणाऱ्या) बाहुलीची उंचीही घ्यावी लागते आणि इथे क्रम कधीही मोडू नये : आधी फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवायची, मगच माप घ्यायचे. फ्रेम घसरलेल्या अवस्थेत घेतलेले माप नंतर फ्रेम वर उचलली की चुकते आणि त्या व्यक्तीला वाचनाचा भाग सापडत नाही. माप घेताना समोर बसून आपले डोळे तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावेत, तिला आपल्या एका उघड्या डोळ्याकडे पाहायला सांगावे, नमुना भिंगावर बाहुलीच्या मध्यावर बारीक ठिपका द्यावा, मग तिला उठून दोन पावले चालायला आणि परत बसायला सांगावे. चालून आल्यावर बहुतेक लोकांची मान आपल्या नेहमीच्या ढबीत येते. ठिपका तरीही जागेवर असेल, तर माप पक्के.

तयार चष्मा आल्यावर हीच उंची पुन्हा तपासायची असते. प्रोग्रेसिव्ह भिंगावर उजेडात तिरके धरल्यावर दिसणाऱ्या दोन अतिसूक्ष्म खुणा असतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटर अंतरावर. भिंगावरची रंगीत छपाई पुसली गेली, तरी या खुणांवरून पूर्ण नकाशा पुन्हा आखता येतो. त्या शोधायची सवय व्हायला वेळ लागतो. काळ्या पार्श्वभूमीवर भिंग धरून श्वासाची वाफ देण्याची युक्ती येथे कामी येते.

तिसरे कौशल्य चष्मा बसवण्याचे. फ्रेम ग्राहकाला देण्यापूर्वी सपाट टेबलावर उलटी ठेवून तपासावी. दोन्ही काड्या आणि फ्रेमचा वरचा कडा सारखे टेकले पाहिजेत. चेहऱ्यावर ठेवल्यावर काय दुरुस्त करायचे, याचे दोन नियम पाठ असावेत. एका बाजूचे भिंग चेहऱ्याच्या जास्त जवळ असेल, तर त्याच बाजूची काडी आत वळवावी. भिंग दूर असेल, तर ती काडी बाहेर वळवावी. एक बाजू वर चढलेली असेल, तर त्याच बाजूची काडी वर वळवावी, म्हणजे ती बाजू खाली येते. प्रथमदर्शनी हे उलटे वाटते, पण एखादी जुनी प्लास्टिकची फ्रेम घेऊन गरम हवेच्या यंत्रावर वाकवून पाहिली की हाताला ते समजते. कानामागचे वळण कानाच्या मुळाच्या किंचित मागे सुरू झाले पाहिजे. ते आधीच सुरू झाले, तर काडी कानावर टोचते आणि माणूस दिवसभर चष्मा मागे-पुढे करत राहतो.

फ्रेमच्या कलाचाही भिंगाशी संबंध असतो. फ्रेमचा खालचा कडा गालाकडे झुकलेला असतो; दर दोन अंश कलामागे भिंगाचा प्रकाशीय केंद्रबिंदू सुमारे एक मिलिमीटर खाली घ्यावा लागतो. मोठ्या नंबराच्या भिंगात ही तजवीज राहून गेली की ग्राहक केवळ ‘बरं वाटत नाही’ एवढेच सांगतो आणि कारण शोधायचे काम तुमच्यावर येते.

भिंगाच्या साहित्याची निवड हीदेखील जबाबदारीची बाब आहे. सीआर-३९ या नेहमीच्या प्लास्टिकचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याची क्षमता दाखवणारा आकडा) १.४९८ असून त्यातून रंगांचे विखुरणे कमी होते, म्हणून दृष्टी स्वच्छ मिळते. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक १.५८६ आहे, ते पातळ आणि आघात सहन करणारे असते, परंतु कडेने पाहताना काहींना रंगीत झालर जाणवते. ट्रायव्हेक्स या दोन्हींच्या मधले आहे. लहान मुलांसाठी आणि ज्यांना एकाच डोळ्याने नीट दिसते अशा लोकांसाठी आघात सहन करणारे भिंगच सुचवावे, त्याचे कारण समजावून सांगावे आणि त्यांनी नकार दिला तर तशी नोंद ठेवावी. उरलेला चांगला डोळा वाचवण्याचा हा प्रश्न आहे; त्याकडे विक्रीचा भाग म्हणून पाहू नये.

७. परीक्षेची तयारी करा

बहुतेक परवाना देणारी राज्ये अमेरिकन बोर्ड ऑफ ऑप्टिशियनरी, म्हणजे एबीओ, यांची चष्म्यांची परीक्षा स्वीकारतात. कॉन्टॅक्ट लेन्ससाठी एनसीएलई ही वेगळी परीक्षा असते. दोन्ही परीक्षा बहुपर्यायी असतात आणि मूळ पात्रता म्हणजे वय १८ पूर्ण आणि शालेय शिक्षण पूर्ण. येथे एक गोष्ट ठळकपणे सांगते : एबीओचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. ते राष्ट्रीय पातळीवरील पात्रतेचे प्रमाण आहे; परवाना देण्याचा अधिकार फक्त राज्याचा. काही राज्ये याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षा आणि राज्याच्या कायद्यांची परीक्षा किंवा अभ्यासक्रम मागतात.

गणिताला घाबरण्याचे कारण नाही, पण खालील चार प्रकार कागद न वापरता सुटतील इतका सराव करावा.

पहिला प्रकार नंबराचे रूपांतर. काही डॉक्टर सिलिंडर उणे चिन्हात लिहितात, तर काही अधिक चिन्हात. +२.०० −१.०० × १८० हा नंबर दुसऱ्या रूपात लिहिताना गोलाकार आणि सिलिंडरची बेरीज करायची, सिलिंडरचे चिन्ह बदलायचे आणि अक्ष ९० अंशांनी फिरवायचा, उत्तर +१.०० +१.०० × ०९० येते. दोन्ही नंबर एकच आहेत. रुग्णाच्या जुन्या आणि नव्या नंबराची तुलना करण्यापूर्वी दोन्ही एकाच रूपात आणले नाहीत, तर नसलेला बदल दिसतो.

दुसरा प्रकार प्रेंटिसचा नियम. केंद्रबिंदूपासूनचे अंतर सेंटीमीटरमध्ये घेऊन त्याला नंबराने गुणले की प्रिझम मिळतो. पाच डायोप्टरचे (डायोप्टर म्हणजे नंबराचे एकक) भिंग चार मिलिमीटर सरकले, तर ०.४ गुणिले ५ म्हणजे दोन प्रिझम डायोप्टर. पीडी दोन-चार मिलिमीटरने चुकल्याने एवढे काय बिघडते, असे विचारणाऱ्याला हे गणित दाखवावे.

तिसरा प्रकार वाचताना होणाऱ्या उभ्या असमतोलाचा. उजव्या डोळ्याचा नंबर −२.०० आणि डाव्याचा −५.०० असेल आणि वाचताना नजर केंद्राच्या दहा मिलिमीटर खाली जात असेल, तर उजवीकडे दोन आणि डावीकडे पाच प्रिझम तयार होतो, फरक तीनचा. डोळ्यांना उभ्या दिशेतला फरक फार कमी सहन होतो, त्यामुळे अशा व्यक्तीला वाचनाचा वेगळा चष्मा किंवा स्लॅब-ऑफ पद्धतीने (उभा असमतोल कमी होईल अशा रीतीने) घासलेले भिंग सुचवावे लागते. तयार चष्मा तपासताना वापरले जाणारे एएनएसआय झेड८०.१ हे मानकही याच कारणाने आडव्या दिशेपेक्षा उभ्या दिशेत अधिक कडक आहे : नेहमीच्या नंबरांसाठी उभ्या दिशेत ०.३३ आणि आडव्या दिशेत ०.६७ प्रिझमपर्यंतच चूक चालते.

चौथा प्रकार डोळा आणि भिंग यांमधल्या अंतराचा. १२ मिलिमीटरवर घातलेला −८.०० चा चष्मा कॉन्टॅक्ट लेन्समध्ये सुमारे −७.२५ होतो, कारण भिंग डोळ्यावर आले की उणे नंबर कमी लागतो. चार डायोप्टरच्या पुढे हे गणित विसरून चालत नाही.

अभ्यासाची माझी पद्धत अशी होती की दिवसभरात दुकानात आलेला एखादा अवघड नंबर, रुग्णाचे नाव न लिहिता, वहीत उतरवून घ्यायचा आणि संध्याकाळी त्यावर हे चारही प्रकार करून पाहायचे. पाठांतरापेक्षा हे अधिक काळ टिकते. इंग्रजी संज्ञांची भीती वाटत असेल, तर ती याच मार्गाने जाते, कारण त्या रोज वापरात येतात.

८. कायद्याची किमान माहिती ठेवा

संघीय व्यापार आयोगाच्या नियमानुसार तपासणी झाल्यावर चष्म्याच्या नंबराची प्रत रुग्णाला न मागता आणि जादा पैसे न घेता द्यावी लागते. त्या कागदावर पीडी लिहिण्याचे बंधन या नियमात नाही, त्यामुळे ते माप घेण्याचे काम तुमच्याकडे येते. कॉन्टॅक्ट लेन्ससाठी २००३ चा स्वतंत्र कायदा आहे. विक्रेत्याने पडताळणी मागितल्यावर डॉक्टरांनी कामकाजाच्या आठ तासांत उत्तर दिले नाही, तर नंबर ग्राह्य धरला जातो. केवळ रंगासाठी वापरायच्या, नंबर नसलेल्या कॉन्टॅक्ट लेन्सही वैद्यकीय उपकरणच मानल्या जातात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत; ओळखीच्या माणसाने सणासमारंभासाठी मागितल्या, तरी नाही म्हणावे. रुग्णाची माहिती हिपा कायद्याखाली गोपनीय असते, म्हणून काउंटरवर मोठ्याने नंबर किंवा जन्मतारीख वाचणे टाळावे.

९. अर्ज करा आणि परवाना मिळेपर्यंत मर्यादेत राहा

अर्ज ऑनलाइन भरला जातो. परीक्षेचे निकाल परीक्षा मंडळाकडून आणि गुणपत्रके महाविद्यालयाकडून थेट राज्य मंडळाकडे जावी लागतात. तुम्ही स्वतः पाठवलेली प्रत सहसा चालत नाही. पूर्वीच्या गुन्ह्यांविषयी किंवा शिस्तभंगाविषयी प्रश्न असतो, तिथे क्षुल्लक वाटणारी बाबही लपवू नये. भरलेल्या अर्जाची, पावतीची आणि प्रत्येक पत्रव्यवहाराची प्रत जपून ठेवावी.

परवाना येईपर्यंत नावापुढे ‘परवानाधारक’ लावू नका आणि देखरेखीशिवाय चष्मा देऊ नका. घाईच्या दिवशी वरिष्ठ जेवायला गेलेले असताना ग्राहक दारात उभा राहतो आणि मोह होतो, तरी त्याला थांबायला सांगावे. उमेदवाराच्या अशा वागण्याने त्याच्या देखरेखकर्त्याचा परवानाही अडचणीत येऊ शकतो.

१०. नूतनीकरण आणि दुसऱ्या राज्यात जाणे

परवान्याची मुदत राज्यागणिक वेगळी असते. एबीओ आणि एनसीएलई यांची प्रमाणपत्रे दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावी लागतात आणि त्यासाठी सातत्याने शिक्षणाचे तास भरावे लागतात. राज्याचे तास आणि प्रमाणपत्राचे तास यांचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून अभ्यासवर्ग निवडतानाच तो दोन्हीकडे धरला जातो का, ते पाहावे. शेवटच्या महिन्यात घाईघाईने मिळेल तो वर्ग करण्यापेक्षा कमी दृष्टी असलेल्यांची साधने किंवा मुलांचे चष्मे असा एखादा विषय धरून शिकलेले बरे.

राज्य बदलताना जुन्या राज्याचा परवाना आपोआप चालत नाही. नव्या राज्याच्या मंडळाला जुन्या मंडळाकडून परवान्याची पडताळणी थेट पाठवावी लागते आणि काही राज्ये अनुभवाचे पुरावे किंवा आणखी एखादी परीक्षा मागतात. त्यामुळे उमेदवारीच्या तासांच्या सह्या झालेल्या नोंदी, जुन्या देखरेखकर्त्याचा संपर्क आणि अभ्यासक्रमाचा तपशील काम संपल्यावरही टाकून देऊ नयेत. दुकाने बंद होतात, माणसे निवृत्त होतात आणि नंतर ती सही मिळवणे फार अवघड जाते. नव्या राज्याची मंजुरी हातात येईपर्यंत जुना परवाना चालू ठेवावा, कारण मुदत संपलेल्या परवान्याची पडताळणी मागितली की पुष्कळदा अर्ज मागे पडतो.